डब्यावर ‘गिफ्ट’ छापलंय, जर्मनीत काय वाचतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळ तुमच्या वहिनींचा फराळाचा घरगुती उद्योग आहे. यंदा जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनमधून ऑर्डरी आल्यात. चारशे डब्यांवर ठसठशीत रोमन अक्षरांत ‘दिवाळी गिफ्ट’ छापून झालंय, आणि आता कुणीतरी सांगितलं की जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष आणि स्वीडिशमध्ये लग्न झालेला माणूस. हे खरं का, डबे टाकून द्यायचे का, आणि युरोपातल्या अशा फसव्या शब्दांची एखादी यादी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे. डबे टाकू नका. यादी मात्र मी देणार नाही, आणि का देणार नाही हे सांगायलाच एवढं लांबण लावतेय.

मी चोवीस वर्षं पुण्यात बसून जर्मन भाषांतरं करते. कथा-कविता नाही, यंत्रांची मॅन्युअल, करारनामे आणि रसायनांच्या सेफ्टी डेटा शीट. या शेवटच्या कामामुळे ‘गिफ्ट’शी माझी रोजची गाठ. युरोपात रसायनाच्या पिंपावर एच ३०१ हा क्रमांक असला की त्यापुढे ‘गिळल्यास विषारी’ असं वाक्य छापावं लागतं. ते जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश असं कुठल्याही भाषेत काढा, पहिला शब्द ‘गिफ्टिग’ किंवा त्याचा सख्खा भाऊ. स्वीडनमध्ये विषबाधा झाली तर ज्या राष्ट्रीय केंद्राला फोन करतात त्याच्या नावाची सुरुवातही ‘गिफ्ट-इन्फर्मेशन’ अशीच होते. नुसतं इंग्रजी येणाऱ्याला वाटेल, भेटवस्तूंची चौकशी खिडकी असावी.

भेट, लग्न आणि विष एका शब्दात आले कसे, हे मराठी माणसाला फार लवकर कळतं. इंग्रजांना ते समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. हे बघा. वाढदिवसाला घड्याळ दिलं. थोरलीला कराडला दिली. डॉक्टरांनी औषध दिलं. आणि गावात एखादा धडधाकट माणूस रातोरात गेला की पारावर हळू आवाजात कुणीतरी म्हणतं, “काहीतरी दिलं असणार त्याला.” चार वाक्यं, क्रियापद एकच. शेवटच्या वाक्यात तर काय दिलं हे कुणी उच्चारतही नाही, पण ऐकणाऱ्या सगळ्यांना समजलेलं असतं.

उत्तर युरोपातल्या भाषांनी या चार वाक्यांची आपसांत वाटणी करून घेतली, एवढंच झालंय. गिफ्ट हे ‘देणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूपासून झालेलं नाम. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबन’ त्याच घरचे. इंग्रजीच्या वाट्याला घड्याळ आलं. गंमत म्हणजे अगदी जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वधूसाठी दिलेलं मोल असा होता. भेटवस्तू हा आजचा अर्थ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीतून तिकडे रुजला.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन या भाषांनी थोरलीला कराडला पाठवलं. तिथे ‘गिफ्ट’ हे विशेषण म्हणजे विवाहित. मुळात ते ‘दिलेली’ असं होतं, बापाने मुलगी दिली म्हणून. पुढे बाप मागे राहिला, शब्द राहिला, आणि आता तो नवऱ्यालाही लागतो. त्याच भाषांत गिफ्ट हे नाम म्हणून आलं की विष. तेव्हा तिकडच्या नवराबायकोंच्या विनोदांना या शब्दाचा केवढा आधार असेल, ते तुम्हीच ठरवा. उच्चार मात्र सगळीकडे सारखा नाही. स्वीडिशमध्ये आणि नॉर्वेजियनमध्ये ‘यिफ्ट’ म्हणतात, डेन्मार्कमध्ये ग स्पष्ट असतो. कागदावर ही अक्षरं जुळतात, कानाला तितकी जुळत नाहीत, आणि घोटाळे बहुतेक कागदावरच होतात.

जर्मनच्या वाट्याला पारावरचं वाक्य आलं, पण ते आलं डॉक्टरांच्या हातून. ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत, म्हणजे ‘जे द्यायचं ते’. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, आणि जर्मन बोलणाऱ्यांनी त्याच्या तोडीला आपला ‘गिफ्ट’ उभा केला. विषाला विष म्हणायचं नाही, ‘दिलेलं’ म्हणायचं. हा संकोच फक्त जर्मनांचा नाही. इंग्रजी आणि फ्रेंच ‘पॉयझन’ लॅटिन ‘पोतियो’वरून आलाय, त्याचा अर्थ नुसता ‘पेय’. कुणी ‘दिलं’ म्हणतं, कुणी ‘प्यायला’ म्हणतं. आपण मात्र सरळ विष म्हणतो. आणि या आपल्या विषाचा लॅटिनमधला भाऊ म्हणजे ‘व्हायरस’. त्याचा लॅटिनमधला अर्थही विषच.

तो ग्रीक ‘दोसिस’ आणि संस्कृत ‘दा’ एकाच मुळाचे आहेत. म्हणजे दान, दत्त, देणे आणि केमिस्टच्या दुकानातला डोस ही सगळी चुलत भावंडं. आपण ‘डोस दिला’ म्हणतो तेव्हा भाषेच्या हिशेबाने ‘देणं दिलं’ असंच म्हणत असतो.

जर्मनमध्ये गिफ्टचा जुना, निर्मळ अर्थ एका शब्दात अजून जिवंत आहे: ‘मिटगिफ्ट’, सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. (ते विष की भेट हा वाद आपण इथे नको काढायला.) डच भाषेने सगळ्यात टापटीप व्यवस्था लावली. शेवटी ट असेल तर देणगी, ट नसेल तर विष. प्राप्तिकराच्या डच विवरणपत्रात देणग्यांची वजावट ‘गिफ्टन’ या नावाखाली मागतात, आणि कुणाच्या मनात काही वाईट येत नाही. पण विशेषण करायला गेलं की ‘गिफ्टिग’, पुन्हा विषारी.

आता तुमच्या डब्याकडे येते. इथे मला एकच ठाम उत्तर देता येत नाही, कारण डबा कोण उघडणार यावर सगळं आहे. म्युनिकमधल्या देशपांड्यांकडे जाणार असेल तर काहीच अडचण नाही. ते हसतील, फोटो काढून ग्रुपवर टाकतील. साध्या जर्मन माणसालाही इंग्रजी गिफ्ट ठाऊक असतो. विमानतळावर ‘गिफ्ट शॉप’ची पाटी बघून तिथे कुणी पळत सुटत नाही. पण तोच डबा दुकानाच्या फळीवर जाणार असेल तर मी तो शब्द ठेवणार नाही. कारण निव्वळ ‘गिफ्ट’ हे नाही, त्याच्या आधीची ‘दिवाळी’ आहे.

जर्मनमध्ये जोडशब्दाचा शेवटचा भाग वस्तू सांगतो आणि आधीचा भाग तिचा प्रकार. ‘श्लांगन’ म्हणजे साप, म्हणून ‘श्लांगनगिफ्ट’ म्हणजे सापाचं विष. ‘रात्तन’ म्हणजे घुशी-उंदीर, म्हणून ‘रात्तनगिफ्ट’ हे उंदीर मारायचं औषध, दुकानात याच नावाने मिळतं. या सवयीच्या डोळ्यांसमोर चकलीच्या चित्रावर ‘दिवाळी गिफ्ट’ आलं की डोकं इंग्रजीकडे वळायच्या आत क्षणभर ‘दिवाळीवरचं विष’ वाचून जातं. नंतर हसू येईलच, पण खायच्या वस्तूवर तो क्षण कशाला फुकट घालवायचा?

आता यादीबद्दल. यादी पाठ करणाऱ्यांचा एक घोटाळा होतो: अर्थ जितका विचित्र तितका शब्द धोकादायक, असं त्यांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव. ऐकायला भारी वाटतं, पण पाककृतीत ‘शंभर ग्रॅम बुर्रो’ वाचून कुणी गाढव तोलायला जात नाही. वाक्यच सांभाळून घेतं. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बिनबोभाट बसत असतील तरच मी घाबरते, कारण तिथे चूक झालीय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

असा एक शब्द मला पहिल्याच जर्मनीवारीत भेटला. पुण्याहून चार इंजिनियर आणि दुभाषी म्हणून मी. आदल्या संध्याकाळी यजमानांनी सांगितलं, सकाळी ‘हाल्ब एल्फ’ला गाडी येईल. हाल्ब म्हणजे अर्धा, एल्फ म्हणजे अकरा. मी मनातल्या मनात मराठी केलं आणि चौघांना सांगून टाकलं: साडेअकरा. दुसऱ्या दिवशी साडेदहाला हॉटेलच्या दारात गाडी उभी. मी खाली चहा घेत होते, दोघे बाजारात गेले होते, एक जण आंघोळीला, आणि चौथा केसांना खोबरेल चोपडून खिडकीत निवांत. ड्रायव्हरने वीस मिनिटं वाट पाहिली आणि गेला. जर्मनमध्ये ‘अर्धा अकरा’ म्हणजे अकरावा तास अर्धा झाला, म्हणजे साडेदहा. चूक सर्वस्वी माझी. यजमानांनी एका शब्दाने टोकलं नाही, ते जास्त लागलं.

हा ‘अर्धा’ उत्तर समुद्राच्या दोन काठांवर दोन वेळा दाखवतो. ब्रिटनमध्ये ‘हाफ इलेव्हन’ म्हटलं की साडेअकरा. पलीकडे नेदरलँड्समध्ये तीच चार रोमन अक्षरं, हाफची, आणि पुढे अकरा आले की साडेदहा. जर्मन, डॅनिश, स्वीडिश, चेक सगळे डचांच्या बाजूने. एक तासाचा फरक, आणि वाक्य दोन्ही अर्थांनी अगदी सरळ. गाडी साडेदहालाही येऊ शकते, साडेअकरालाही. गिफ्टवरून हसणारे लोक याच शब्दामुळे ट्रेन चुकवतात.

परत आल्यावर हे प्रकरण माझ्या शिक्षकांना सांगितलं तर ते म्हणाले, “अहो, तुम्ही अडीच म्हणता ना?” मला काही कळेना. त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. साडे हा ‘सार्ध’, अर्ध्यासह. म्हणून साडेअकरा म्हणजे अकरा आणि वर अर्धा, ब्रिटिशांचा हिशेब. पण आपण साडेदोन म्हणत नाही, अडीच म्हणतो, आणि अडीच आलाय ‘अर्धतृतीय’पासून: तिसरा अर्धा. हा शुद्ध जर्मन हिशेब! ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अर्धा तीन, म्हणजे अडीच. दीडचंही तेच, ‘द्व्यर्ध’, दुसरा अर्धा; त्याला जर्मनमध्ये ‘आंडरटहाल्ब’ म्हणतात आणि तिथेही आंडर म्हणजे मुळात दुसरा. साडेतीनलाही आपल्याकडे असा एक शब्द होता: औट, ‘अर्धचतुर्थ’पासून. औट घटकेचं राज्य म्हणतो ते साडेतीन घटकांचं. एक घटका चोवीस मिनिटांची धरली तर ८४ मिनिटांचं. माझ्या आजीला औटकीचा पाढा यायचा. मला शाळेत तो कुणी शिकवला नाही, नाहीतर त्या दिवशी गाडी चुकली नसती.

थोडं विषयांतर होतंय, पण एवढं सांगूनच पुढे जाते. रोमन लोकांचं सेस्टर्टियस नावाचं नाणं होतं. नावाचा अर्थच ‘अर्धा तिसरा’, कारण मुळात त्याची किंमत अडीच ‘आस’ होती (आस हे त्याहून लहान नाणं). पुढे ती चार आस झाली तरी नाव अडीचचंच राहिलं. आणि डॅनिशमध्ये आजही पन्नास या संख्येचं नाव ‘अडीच वेळा वीस’ या शब्दांचा आखूड झालेला अवशेष आहे. सत्तरचं नाव ‘औट वेळा वीस’. कोपनहेगनमध्ये बिल देताना भारतीय माणूस या संख्यांपुढे हात टेकतो. आमच्या आजीने टेकले नसते.

अशाच जातीचे आणखी दोन शब्द पटकन सांगते. ‘ने’: ग्रीसमध्ये हो, आणि सीमा ओलांडून बल्गेरियात गेलात की नाही. बल्गेरियन ‘ने’ आणि आपला ‘न’ एकाच कुळातले, ग्रीक ‘ने’ वेगळ्या घरचा. त्यात बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात, म्हणजे खुणेने समजावं म्हटलं तर तीही सोय नाही. पोलिश माणूस गप्पांत ‘नो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हं, बरोबर’ असा असतो. फोनवर इंग्रजीत बोलणी चाललेली असताना मध्येच हा ‘नो’ निसटला तर पलीकडच्याचा समज काय होईल?

दुसरा शब्द ‘रोक’, आणि करारनामे करणाऱ्याने हा नक्की ओळखून असावा. चेक आणि पोलिशमध्ये रोक म्हणजे वर्ष. क्रोएशियन आणि सर्बियनमध्ये मुदत. रशियनमध्ये नियती. तिन्ही एका जुन्या स्लाव्ह क्रियापदाची लेकरं, ज्याचा अर्थ ‘सांगणे’. जे सांगून ठेवलं, नेमून दिलं, ते कुणी वर्षाला लावलं, कुणी मुदतीला, कुणी नशिबाला. आता क्रोएशियन करारात हमीच्या कालावधीला ‘हमीचा रोक’ म्हणतात. चेक वाचणाऱ्याने घाईत ‘हमीचं वर्ष’ असं वाचलं तर वाक्य कुठेही अडखळत नाही, फक्त हमी दोन वर्षांची असली तर एका वर्षावर येते. याउलट डचमध्ये रोक म्हणजे घागरा. तो या कुळातला नाही, रोमन अक्षरं योगायोगाने जुळलीत, आणि म्हणूनच तो निरुपद्रवी आहे. करारात घागरा कुणाला दिसणार?

म्हणून कुठलाही संशयास्पद शब्द समोर आला की मी आधी बघते: हे नातेवाईक आहेत की नुसते सारखे दिसणारे परके? ‘ने’सारखा एखादा अपवाद सोडला तर परक्यांची भीती नाही. नातेवाइकांचे अर्थ एकमेकांच्या शेजारी राहतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा सहज जाऊन बसतो. मग बघते, हा शब्द एकटा उभा आहे की वाक्यात. वाक्यात असेल तर आजूबाजूचे शब्द राखण करतात. पाटी, लेबल, फॉर्मचा रकाना, वेळापत्रक, एका शब्दाचं फोनवरचं उत्तर, इथे राखण करायला कुणी नसतं. तुमचा डबा या जागांपैकी आहे.

तर आता कामाचं. डबे दुकानात विकायचे असतील तर ‘गिफ्ट’ ही तुमची सगळ्यात छोटी काळजी आहे. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमाप्रमाणे खाद्यपदार्थाची माहिती जिथे विक्री होते तिथल्या ग्राहकाला सहज समजेल अशा भाषेत द्यावी लागते, आणि संबंधित देश आपली भाषा सक्तीची करू शकतो. एकच इंग्रजी लेबल तिन्ही देशांत चालेल ही आशा सोडा. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध ही ॲलर्जीची नावं घटकांच्या यादीत उठून दिसतील अशी छापावी लागतात. चिवड्यातल्या शेंगदाण्यांसाठी जर्मनमध्ये ‘एर्डनुस’ लिहिलं नाही तर तिथे खरोखरच कुणाच्या जिवावर बेतू शकतं. तुपाच्या आणि खव्याच्या पदार्थांना बाहेरच्या देशातून युरोपात येताना वेगळी बंधनं आहेत. ते माझं क्षेत्र नव्हे, निर्यातीची कामं करणाऱ्या एजंटला डबे पाठवायच्या आधी विचारा.

घरोघरी पार्सलं पाठवणार असाल तर डब्यावरच्या गिफ्टपेक्षा पार्सलवरच्या गिफ्टकडे लक्ष द्या. टपालाच्या सीएन २२ या कस्टम फॉर्मवर ‘गिफ्ट’ असा एक चौकोन असतो, शेजारी फ्रेंचमध्ये ‘कादो’. सगळेच डोळे झाकून तिथे खूण करतात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला खरोखर भेट पाठवली आणि किंमत ४५ युरोपर्यंत असली तर युरोपीय संघात तिच्यावर शुल्क लागत नाही. पण ज्याचे पैसे घेतलेत ती भेट नव्हे, विक्री आहे. वहिनींनी ऑर्डरीच्या डब्यांवर तिथे खूण केली तर ते खोटं निवेदन ठरतं. तुमच्या सगळ्या प्रकरणातला महाग पडू शकेल असा गिफ्ट हाच.

डब्यांवर स्टिकर लावून टाका. चारशे स्टिकरचा खर्च नव्या छपाईपेक्षा कितीतरी कमी. त्यावर ‘गेशेंक’ (म्हणजे भेट) वगैरे जर्मन घालायच्या भानगडीत पडू नका, स्वीडनचे डबे पुन्हा वेगळे काढावे लागतील. ‘दिवाळी फराळ’ एवढंच रोमन लिपीत छापा. फक्त स्टिकर अरुंद असेल तर छापखान्याला बजावून ठेवा की ‘फराळ’ हा शब्द एका ओळीत बसला पाहिजे, शेवटचं अक्षर तोडून खाली टाकायचं नाही. रोमनमध्ये वर ‘फारा’ एवढंच उरेल, आणि स्वीडनमध्ये विषारी रसायनांच्या पिंपावर लाल चौकटीतल्या कवटीशेजारी जो शब्द छापतात तो अगदी हाच. अर्थ: धोका.